हिरव्या ओळी

अण्णा दवाखान्याच्या बाकड्यावर टेकले की शेजारच्या पेशंटला आधी पायाची जखम सांगायचे नाहीत, आधी माझ्याबद्दल सांगायचे. काउंटरवरच्या कंप्युटरकडं काठी करून म्हणायचे, "ते हाय न्हवं, नंबर लावायचं, ते समदं माझ्या पोरानं केलंय." समोरचा माणूस साखरेनं बोट काळं पडलं म्हणून रडकुंडीला आलेला असायचा. त्याला काय त्याचं! पण अण्णांच्या तोंडाकडं बघून तोही बिचारा "व्हय का? अरे वा" म्हणायचा.

मी ते केलेलं नव्हतं. पुण्याच्या कुठल्याशा माणसानं ते बऱ्याच वर्षांपूर्वी करून दिलं होतं. तो पुढं परदेशात गेला आणि ते सांभाळायचं काम फिरत फिरत माझ्याकडं आलं. अण्णांना हे मी एकदाही नीट सांगितलं नाही. सांगणार होतो. पण पुण्याच्या कंपनीनं मला नारळ दिला, मी धाराशिवला परत येऊन कोर्टाच्या मागं झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेऊन कंप्युटरची कामं करत बसलो, तेव्हापासून गावात माझ्याबद्दल बोलताना अण्णांचा आवाज जरा खाली गेला होता. दवाखान्यात तो पुन्हा वर चढला. मग म्हटलं, राहू दे, म्हाताऱ्याला तेवढंच सुख. खरं सांगायचं तर मलाही तेवढंच सुख होतं.

आमचं गाव सास्तूरच्या पलीकडं. आई आणि अण्णा तिथंच असतात, दोन म्हशी आणि भूकंपानंतर मिळालेलं रांगेतलं घर धरून. धाराशिवला या म्हटलं की अण्णा म्हणायचे, "तुमच्या जिन्यावर माझा जीव जातो. आन् म्हशी काय गॅलरीत बांधू का?" त्यामुळं दर आठवड्याला सकाळच्या एसटीनं यायचं, पायाचं ड्रेसिंग करून घ्यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं, असं चाललं होतं. मी दुपारी मोटरसायकल घेऊन जायचो आणि त्यांना स्टँडवर सोडायचो. ती गाडी चुकली तर मुक्कामच. पण ती कधी चुकायची नाही, कारण अण्णांचा नंबर नेहमी लवकर लागायचा. त्यांच्या आधी येऊन बसलेली धाराशिवातली माणसं बसूनच असायची आणि आतून हाक यायची ती अण्णांना.

त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. कारण मी. दवाखान्याचा कंप्युटर सांभाळणाऱ्या माणसाचे वडील आहेत, एवढा मान तर ठेवणारच की! काउंटरवरच्या ताई वयानं माझ्याहून मोठ्या, पण मला 'सर' म्हणायच्या. एकदा मी त्यांना म्हणालोही, "ताई, अण्णांकडं लक्ष ठेवता, बरं वाटतं." त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा मी मला हवा तो अर्थ लावला. अण्णांनीही तोच लावला असणार. हाक आली की ते लगेच आत जायचे नाहीत. आधी उभं राहून, धोतर सारखं करून, हॉलमध्ये इकडंतिकडं बघून घ्यायचे, कोण कोण बघतंय ते.

आता त्या कामाबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

दवाखाना धर्मादाय. साखरेच्या पेशंटच्या पायाच्या जखमा तिथं चांगल्या बघतात म्हणून परंड्यापासून उमरग्यापर्यंतची माणसं येतात. काउंटरवर एक स्क्रीन आणि आत ड्रेसिंगच्या खोलीत दुसरी. दोन्हीकडं एकच तक्ता दिसतो, त्या दिवशी आलेल्या पेशंटच्या नावांचा. बाहेर ताई नाव भरणार, आत सिस्टर ते बघून हाक मारणार. हा तक्ता एका परदेशी कंपनीच्या विकत घेतलेल्या लायब्ररीवर उभा होता. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. घर बांधताना दारं-खिडक्या आपण रंधा मारून करत बसत नाही, तयार आणून बसवतो. तसे स्क्रीनवरचे तक्ते, बटणं, कॅलेंडरं तयार मिळतात. इथं बसवलेल्या मालाचा परवाना कधीच संपला होता आणि कंपनीनं तो माल बनवायचंही सोडून दिलं होतं. ब्राउझर नवा झाला की एखादी खिडकी उघडायचीच नाही. शेवटी शेवटी तर पेशंटच्या नावांवर आडवी इंग्रजी पट्टी यायला लागली, परवाना संपल्याची. सिस्टर मान वाकडी करून पट्टीखालची नावं वाचायच्या. डॉक्टर मला म्हणाले, "हे एकदाचं काढा हो. परवान्याची कटकट नसलेलं, पुढं टिकेल असं काही तरी बसवा."

मी खूष झालो. हे माझं काम. पुण्यात मी हेच करायचो आणि नवीन आलेल्यांना शहाणपण शिकवायचो की जुनं काढून नवं बसवताना वापरणाऱ्याला कळतासुद्धा कामा नये. हे वाक्य मी मोठ्या थाटात, हातात चहाचा कप धरून म्हणायचो.

पण जुनं उचकटायला बसलो तसा मला त्याचा राग यायला लागला. मला राग लवकर येतो, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एक तर तो तक्ता दिसायला जुनाट. एक ओळ पांढरी, एक फिक्कट हिरवी, परत पांढरी, परत हिरवी. हा रंग कुणी मुद्दाम दिलेला नव्हता. वाचताना ओळ चुकू नये म्हणून त्या कंपनीच्या तक्त्यात तो आपोआपच यायचा. आणि आत भरलेली माहिती तर विचारू नका. रोजच्या तक्त्यात मध्येच मोकळ्या ओळी. एक नाव, मग मोकळी ओळ, मग दोन नावं, परत मोकळी. म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखं दिसत होतं सगळं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. "बघ, सरळ एकाखाली एक नाव लिहिता येत नाही या लोकांना!"

ती मेथी निवडत होती. बघून म्हणाली, "काही तरी कारण असेल."

"कारण काय डोंबलाचं! गबाळेपणा नुसता."

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, सगळ्या मोकळ्या ओळी मिटवल्या आणि नावं वर सरकवली. नव्या तक्त्यात तर मोकळी ओळ सोडायची सोयच ठेवली नाही. नाव भरलं की ते आपलं आपण शेवटच्या नावाखाली जाऊन बसणार. हिरवा रंगही काढला. सगळं पांढरंशुभ्र आणि मध्ये एक बारीक रेघ. काम संपलं तेव्हा मी स्वतःवर इतका खूष होतो की खुर्चीत मागं रेलून ते रिकामं पांढरं पान बराच वेळ बघत बसलो.

दाखवायच्या दिवशी डॉक्टर, आतल्या सिस्टर आणि काउंटरच्या ताई माझ्याभोवती उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "वा! काय स्वच्छ दिसतंय." ताई स्क्रीनजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, ते हिरवं गेलं का?"

"गेलं."

"परत नाही यायचं?"

"अहो ताई, आपण काय साडी घ्यायला बसलोय का? रंगाचं काय एवढं!"

डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या. ताईही हसल्या, पण जरा उशिरा, आणि मग त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मला माझा विनोद फार आवडला होता. घरी येऊन बायकोलाही तो मी सांगितला.

त्यानंतर अण्णांची पहिली फेरी आली. दुपारी नेहमीसारखा मी दवाखान्यात गेलो तर अण्णा बाकड्यावरच. पायाला तीच जुनी पट्टी. भाकरीची पिशवी मांडीवर, तशीच बांधलेली. ड्रेसिंग झाल्याशिवाय ते खात नाहीत.

"अजून नंबर नाही लागला?"

"लागंल की."

"अण्णा, गाडीची वेळ झाली!"

"लागंल म्हन्तो न्हवं."

त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि ते माझ्याकडं बघत नव्हते. शेजारचा माणूस मात्र आमच्याकडं बघत होता. सकाळपासून 'माझ्या पोरानं केलंय' हे त्यानं नक्कीच ऐकलं असणार. माझ्या डोक्यात एकदम काय तरी झालं. मी काउंटरवर गेलो आणि हात आपटला.

"ताई, हे काय चाललंय? माझे वडील सकाळपासून बसलेत, दिसत नाही का तुम्हाला? तक्ता बदलला म्हणून माणुसकी पण बदलली का? हे सगळं कुणी करून दिलंय, तेवढं तरी लक्षात आहे ना?"

ताईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "सर, नंबराप्रमाणंच चाललंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या तक्त्यात जसं येतं, तसंच."

"तक्त्याला कशाला मध्ये आणता? तुम्हाला करायचं नाही, हे सरळ सांगा!"

माझा आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "अहो, काका अजून बसलेत? आधी काकांना घ्या, आधी काकांना." त्या वेळी ड्रेसिंगच्या दारात एक म्हाताऱ्या मावशी उभ्या होत्या. त्यांच्या नावाची हाक नुकतीच झाली होती. चप्पल काढून, चौकटीला हात धरून त्या आत पाऊल टाकणारच होत्या. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "मावशी, जरा थांबा हं." मावशी मागं झाल्या आणि दुखऱ्या पायात चप्पल परत अडकवायला लागल्या.

अण्णा म्हणाले, "त्या बाईचा नंबर हाय."

"तुम्ही चला, गाडी आहे."

"आरं, पर त्यांना हाक..."

मी अण्णांना कोपराला धरून उठवलं आणि आत ढकललं. जोरात नाही, पण ढकललंच. आत्ता हे लिहितानाही माझे कान गरम झालेत.

पट्टी बदलून अण्णा बाहेर आले तेव्हा मी मोटरसायकलची किल्ली हातात घेऊन तयार होतो. पळवली असती तर एसटी मिळाली असती. पण अण्णा माझ्याकडं आलेच नाहीत. काठी टेकत त्या मावशींच्या जागेशेजारी जाऊन बसले. मावशी आता कुठं आत गेल्या होत्या.

"अण्णा, चला. मिळते अजून."

"तू जा."

"तू जा काय? गाडी चुकेल!"

"त्यांचं हुईपतोर म्या बसतो."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि बरोबरी झाली असती. अख्खा हॉल आमच्याकडं बघत होता. मी भिंतीशी जाऊन मोबाइल काढला आणि उगीच बोटं फिरवत राहिलो.

मावशींची जखम मोठी होती, वेळ लागला. त्या बाहेर आल्या तेव्हा अण्णांनी विचारलं, "तुमी कुठल्या?"

"परंड्याच्या पल्याडच्या."

"गाडी?"

"गेली असंल की आता, भाऊ." मग त्यांनी पिशवीतून फोन काढून मुलाला लावला आणि आज येणं होत नाही, दवाखान्याच्या ओट्यावर पडते, काळजी करू नको, असं आपल्या बोलीत सांगितलं. अण्णांनी ते ऐकलं आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यो माझा लेक. हितंच घर हाय. वट्यावर कशापायी? चला." मला विचारलंसुद्धा नाही. आणि माझ्या मनात काय आलं, तेही सांगून टाकतो. आता ही म्हातारी कुठं घरात, असं आलं.

त्या दोघांना रिक्षात बसवलं आणि मी मागून मोटरसायकलवर आलो. जिना चढताना अण्णा एका पायरीवर थांबायचे, मग मावशी थांबायच्या, मग अण्णा म्हणायचे, "दमानं." एरवी याच जिन्याला शिव्या घालणारा माणूस त्या दिवशी तक्रारीचं अक्षर बोलला नाही.

बायकोनं चहा टाकला, मावशींना बाथरूम दाखवली, जुनी मऊ चादर काढली. दिवस मावळायला मावशींनी विचारलं, "पच्छिम कुनीकडं हाय, बेटा?" त्यांना नमाज पढायची होती. या घरात मी इतकी वर्षं राहतोय आणि मला सांगता येईना. मी मोबाइल उघडून दिशा शोधायला लागलो. तोवर अण्णांनी बसल्या जागेवरून टीव्हीच्या कपाटाकडं हात केला. मावशी खुर्चीवर बसूनच नमाज पढल्या, पाय पुढं लांब ठेवून. अण्णांनी तेवढा वेळ टीव्ही लावू दिला नाही.

जेवायला भाकरी, वरण आणि मेथीची भाजी होती. बायकोनं सहज विचारलं, "मावशी, दर वेळी असाच उशीर होतो का हो तुम्हाला?"

"न्हाय गं माय. हे आत्ता आत्ता सुरू झालं. पयले लई बेस होतं." मावशींनी भाकरी वरणात मोडली. "त्या काउंटरवाल्या बाई मला हिरव्यात घालायच्या."

"हिरव्यात म्हणजे?"

"ते कंप्युटरमधी एक लाइन सफेद, एक लाइन हिरवी ऱ्हायची बघ. गावातल्या माणसाचं नाव सफेदमधी. आमी लांबची, एसटीवाली, आमचं हिरव्यामधी. आतली सिस्टर आधी समदे हिरवे बलवायची, मग सफेद. कुन्या गाडीला वेळ झाला तर तेवढ्या हिरव्या लाइनी मोकळ्या सोडून ठेवायच्या बाई. मागून माणूस आला तर त्याला जागा असावी म्हणून. गावातला माणूस काय, रिक्षानं बी घरला जातो. आता कुनी तरी ते हिरवं पुसून टाकलं म्हणे. आता जो आधी येईल तो आधी. गावातला उजाडताच येऊन बसतो की! आमची एसटी कवा यायची?"

दात पडल्यासारख्या दिसणाऱ्या त्या सगळ्या मोकळ्या ओळी माझ्या डोळ्यांपुढं आल्या. कुणासाठी तरी धरून ठेवलेल्या जागा होत्या त्या. मी त्या कचरा म्हणून झाडून टाकल्या होत्या.

अण्णांनी हळूच विचारलं, "म्हंजी म्याबी हिरव्यातच हुतो?"

"तर वो! सास्तूरची गाडी म्हंजे हिरवंच की."

अण्णा बघत राहिले, माझ्याकडं नाही, ताटाकडं. इतके महिने हॉलमध्ये उभं राहून, धोतर सारखं करून इकडंतिकडं बघायचे, ते सगळं त्या ताटात त्यांना दिसत असणार. पोराच्या नावानं लागणारा नंबर पोराच्या नावानं कधी लागलाच नव्हता. तो त्या बाईनं दिला होता, इतर दहाजणांना देत होती तसाच, एसटीनं आलेला म्हातारा म्हणून. आणि तिच्यावरच मी हात आपटून ओरडलो होतो, माणुसकी बदलली का म्हणून.

बायकोच्या लक्षात आलं. "अहो, म्हणजे तुम्ही ते जे मला दाखवलं होतं..."

"सूनबाई, पाणी आण गं," अण्णा म्हणाले.

भरलेला तांब्या त्यांच्या पुढ्यातच होता. बायकोनं तो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि उठून आत गेली. मावशींना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा लेक लई गुणाचा हाय, भाऊ. परक्या बाईला घरात आणलं. आजकाल कोण आणतं?" अण्णा हूं म्हणाले. मी मान खाली घालून भाकरी मोडत बसलो. मोडलेले तुकडे परत परत मोडत होतो. म्हाताऱ्यानं मला परक्या बाईपुढं झाकून घेतलं होतं, आणि ते झाकून घेणं मला थोबाडीत मारण्यापेक्षा जास्त लागलं.

सकाळी दोघांना घेऊन मी स्टँडवर गेलो. सास्तूरकडची गाडी आधी लागली. अण्णा पायरीवर चढले, मागं वळले आणि एवढंच म्हणाले, "त्या काउंटरच्या बाईची माफी माग." मी हो म्हणालो. मग परंड्याची गाडी आली. गर्दी होती. मी धावत जाऊन खिडकीतून मावशींची पिशवी सीटवर टाकली आणि जागा धरली. त्या चढून बसल्यावर खिडकीपाशी उभा राहिलो. बोलावं की नको, असं चाललं होतं. शेवटी म्हणालो, "मावशी, ते हिरवं मीच पुसलं."

"तुमी?"

"हो. तो तक्ता मीच नवा केला. मला वाटलं, नुसता रंग आहे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता काही तरी ऐकवतील. मला ते हवंच होतं.

"मंग परत करता येतं का?"

"येतं."

"मंग करा की, बेटा." एवढं म्हणून त्यांनी पाय सावरून पुढच्या सीटखाली नीट ठेवला आणि कंडक्टरकडं वळल्या. त्यांच्यापुरता विषय संपला होता. मला रागावण्याइतकंही त्यांना त्यात काही दिसलं नाही.

स्टँडवरून मी सरळ दवाखान्यात गेलो. वाटेत ठरवलं होतं की ज्या हॉलमध्ये ओरडलो, त्याच हॉलमध्ये, सगळ्यांदेखत माफी मागायची. काउंटरपाशी जाऊन मी मोठ्यानं म्हणालो, "ताई, काल माझं चुकलं. त्या हिरव्या ओळी..."

"हळू बोला, सर!" त्या घाबरून म्हणाल्या. "डॉक्टरांना माहीत नाही ते."

मग दबक्या आवाजात त्यांनी सांगितलं. ही पद्धत त्यांनी आणि आतल्या सिस्टरनी दोघींनीच पाडली होती. कुणाला विचारलं नव्हतं. गावातल्या पेशंटनं तक्रार केली असती, आमच्या आधी त्यांना का म्हणून, आणि डॉक्टरांनी विचारलं असतं, कुणाच्या परवानगीनं, तर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून त्या दिवशी डॉक्टरांसमोर 'हिरवं गेलं का' यापलीकडं त्यांना बोलता आलं नाही. "तुम्हाला नंतर एकटं गाठून सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही साडीचं बोललात ना. मग म्हटलं, जाऊ दे."

अपमान मी चारचौघांत केला होता आणि माफी मात्र मला कुजबुजत मागावी लागली. बाकड्यावरच्या माणसांना एवढंच दिसलं की काल ओरडणारा तोच माणूस आज काउंटरवर वाकून कसली तरी गुपचूप बोलणी करतोय. आपल्या बापाचा नंबर लावून घेतोय, असंच त्यांना वाटलं असणार. बरोबरच आहे त्यांचं.

हिरव्या ओळी परत आणायला फारसं काही करावं लागलं नाही, याचीच जास्त लाज वाटली. मोकळी ओळ सोडायची सोय केली, नाव हव्या त्या ओळीत भरता येईल असं केलं. डॉक्टरांना सांगितलं की एकाआड एक रंग असला की वाचताना डोळा चुकत नाही. कंपनीचं मूळचं कारणही तेच होतं. डॉक्टर म्हणाले, "हो का? करा की मग." ताईंनी बसून बघितलं, एक नाव हिरव्यात भरलं, खाली एक ओळ मोकळी सोडली. मी विचारलं, "रंग जरा गडद झालाय का? फिक्कट करू?"

"राहू द्या, सर," त्या म्हणाल्या. "साडीला चालतोय."

सिस्टर फिस्सकन हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिरा.

त्यानंतर अण्णांचा नंबर पुन्हा वेळेवर लागायला लागला. मीही ठरल्या वेळेला जात होतो, त्यांना स्टँडवर सोडत होतो. म्हशींचं बोलणं व्हायचं, आईचं व्हायचं, पावसापाण्याचं व्हायचं. त्या दिवसाचं काही निघायचं नाही. मला वाटायला लागलं होतं की झालं गेलं, म्हातारा विसरला.

मग एकदा मी जरा लवकर पोचलो. अण्णा बाकड्यावर दाराकडं पाठ करून बसले होते आणि त्यांच्याशेजारी लोहाऱ्याकडचा एक माणूस, बाकड्यावरचीच जुनी ओळख. तो काउंटरकडं बघत म्हणाला, "परत बेस चाललंय बघा आता. एसटीवाल्यांची सोय झाली. हे तुमच्या पोरानं केलंय म्हनला हुता न्हवं तुमी मागं?"

मी दारातच थांबलो.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "त्या बसल्यात न्हवं, त्या बाईनं केलंय ते."

"मंग तुमचा पोरगा?"

"त्यो व्हय? त्यो दुरुस्तीचं बघतो."

आतून त्यांच्या नावाची हाक आली. अण्णा काठी टेकून उठले आणि कुणाकडं न बघता सरळ आत गेले. मी आलोय हे त्यांना कळू नये म्हणून मी तसाच मागं सरकलो आणि बाहेर मोटरसायकलपाशी जाऊन उभा राहिलो.